आमच्या ह्यांना भूक लागली

आमच्या घाटंजीत माणसाची तब्येत तपासायची एकच पद्धत आहे. रक्त-लघवी, एक्स-रे वगैरे नंतर. भेटायला आलेला माणूस खुर्चीवर टेकता टेकता विचारतो, "जेवते का?" जेवत असेल तर पेशंट बरा, नसेल जेवत तर मग काही खरं नाही. पाय मोडलेला असो की डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असो, प्रश्न हाच. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेची रंगीत आकृती फळ्यावर काढून काढून माझा खांदा कामातून गेला. तरी कुणाच्या घरी आजारी माणसाला बघायला गेले, की माझ्याही तोंडून पहिलं वाक्य हेच बाहेर पडतं.

या परीक्षेत आमचे हे कधीच पास झाले नाहीत. ज्वारीची दीड भाकर, वाटीभर भाजी, मूठभर भात. दीड म्हणजे दीड. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी नव्या नवरीच्या उत्साहाने दुसरी भाकर अख्खी वाढली, तर ह्यांनी ती मधोमध मोडून अर्धी परत टोपल्यात ठेवली आणि जेवू लागले. बोलले काहीच नाहीत. भाजी खारट झाली तरी काही नाही, चांगली झाली तरी काही नाही. एकदा मी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठच टाकलं नाही. म्हटलं, आज तरी तोंड उघडतील. हे जेवले, ताट उचलून मोरीत ठेवलं, चपला घातल्या आणि दुकानात गेले. मी मोरीपाशी बसून रडले. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण रडायचं कारण म्हणून ते सांगायलाही लाज वाटावी इतकं फालतू होतं.

ह्यांचा धंदा भांड्यांवर नावं टाकायचा. बाजार रस्त्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर ह्यांचं स्टूल असतं आणि पेनासारखी, टोकाला सुई असलेली विजेची मशीन. लग्नाच्या भांड्यांवर मुलीचं नाव, वास्तूला 'सप्रेम भेट', आणि सगळ्यात मोठं काम तेरवीचं. आमच्याकडे माणूस गेला की तेराव्या दिवशी गावजेवण तर होतंच, शिवाय नातेवाइकांना एकेक भांडं देतात. पेला, वाटी, ऐपत असेल तर गंज म्हणजे पातेलं. त्यावर कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, गाव, तारीख. बौद्ध मंडळी कालकथित लिहून घेतात आणि त्यांचं पुण्यानुमोदनाचं जेवण असतं. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. तालुक्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत ते पोचलेलं आहे. मी कुणाकडे पाणी प्यायले, की पेल्याची कड वाचल्याशिवाय पेला खाली ठेवत नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा अंगठा हलायला लागला. आधी हे म्हणाले मशीन बिघडली. मशीन दुरुस्त करून आणली. मग म्हणाले स्टूल हलते. स्टुलाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. पन्नास वाट्यांवर कैलासवासींची वेलांटी नागमोडी गेली तेव्हा मात्र दोष द्यायला फर्निचर उरलं नाही. गेलेला माणूस अशा वेळी तक्रार करत नाही, त्याचे जावई करतात. त्या दिवशी हे दुपारीच घरी आले, हात खिशात घालून बसले आणि संध्याकाळी जेवतानाच तो बाहेर काढला. तेव्हा मला दिसलं की वाटीतलं वरण ताटभर सांडतंय.

यवतमाळला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आमच्या मुलापेक्षाही लहान दिसत होते. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक गोल काढायला सांगितला. आयुष्यभर गोल वाटीवर गोल ओळीत अक्षरं काढणाऱ्या माणसाने कागदावर बटाटा काढला. "पार्किन्सन," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे कंपवात म्हणतात." मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन तयार होतं, ते ह्यांच्या डोक्यात कमी पडतंय, म्हणून हात हलतो. ते काम करणारी गोळी देतो, असं म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. शिक्षकाची खोड जात नाही.

गोळी लिहून देताना त्यांनी एक सूचनाही दिली होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. "या गोळीनं काही जणांच्या सवयी बदलतात, काकू. कुणी खर्चायला लागतं, कुणी पत्ते खेळायला, कुणी खायला. असं काही दिसलं तर लगेच सांगा." मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. हे आणि उधळपट्टी! एक बनियन चार वर्षं वापरणारा माणूस. हे आणि खादाडपणा! मी वहीत सूचना लिहिली आणि खाली लिहिलं, 'लागू नाही'.

गोळी लागू पडली. महिन्याभरात हात इतका थांबला, की हे स्वतःच मधूनमधून तो समोर धरून बघायचे. दुकानदाराने पुन्हा काम दिलं. वेलांट्या सरळ झाल्या. आणि अशाच एका दुपारी, तुरीच्या सोल्यांची भाजी केली होती, तर हे ताटावरून मान वर करून म्हणाले, "अजून एक दे."

मला वाटलं पाणी मागताहेत.

"भाकर वो," हे म्हणाले. "भाजी मस्त झाली आज."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. मी काय केलं, सांगू? स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजला टेकून उभी राहिले. मग भाकर वाढली, भाजी वाढली, वर तेल वाढलं. दुसऱ्या दिवशी पाटोडी केली. तिसऱ्या दिवशी गोळाभात. ह्यांनी सगळ्याला मस्त म्हटलं. निवृत्त झालेली बाई, मुलगा पुण्याला, दिवस जाता जात नव्हते. आता सकाळी उठल्यापासून मला काम होतं. मी अंबाडीची भाजी निवडताना गुणगुणायला लागले. शेजारणीने विचारलं, काय गं, सून येऊन राह्यली का? माझ्या वयाच्या बाईला नवऱ्याच्या एका 'मस्त'ने इतका आनंद व्हावा हे विज्ञानाच्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

बघायला येणाऱ्यांचे तर डोळे निवले. "जेवते का?" "जेवतात म्हणजे काय! चार भाकरी." "मंग झाले बरे!" ह्यांचं पोट पुढे आलं, गाल भरले, त्यावर कौतुकाचा पाऊस पडला. आता कसे माणसासारखे दिसतात, म्हणाले. आधी साठ वर्षं कशासारखे दिसत होते, हे कुणी सांगितलं नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, बाबांचा चेहरा किती छान झालाय." पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी हात पाहिला, खूश झाले, आणि निघता निघता विचारलं, "बाकी काही? झोप, भूक?" मी, विज्ञान शिक्षिका, बत्तीस वर्षांच्या अनुभवासह, छाती पुढे काढून म्हणाले, "भूक एकदम छान!" त्यांनी 'भूक छान' असं लिहून घेतलं. ह्या वाक्याबद्दल मला नंतर कितीतरी वेळा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कारण मग शेंगदाण्याचा डबा रिकामा निघाला. मला वाटलं मीच विसरले. मग गुळाची ढेप पाऊण झाली. मग एक दिवस बेसनाच्या डब्यात चमचा सापडला, आणि बेसन कच्चं होतं. कच्चं बेसन कुणी चमच्याने खातं का? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मांजर असेल. मांजर चमचा वापरते, ही माहिती मी बत्तीस वर्षांत एकाही वर्गाला दिली नव्हती. मी फ्रिजला कुलूप लावलं. ह्यांनी कडीचे स्क्रू काढले, आतली बासुंदी संपवली आणि स्क्रू परत इतके नीट बसवले, की मला दोन दिवस कळलंच नाही. हात स्थिर झाल्याचा हा फायदा डॉक्टरांच्या ध्यानात आला नसावा.

विचारलं तर चिडत. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस म्हणे, "घरचंच तर खाऊन राह्यलो. कोणाचं चोरलं का?" मी डबा झाकून ठेवायचे. खरं सांगायचं तर मला जास्त विचारायचंच नव्हतं. विचारलं असतं तर काहीतरी उत्तर मिळालं असतं, आणि मला ते 'मस्त' हवं होतं.

मग मारेगावहून नणंदेचा फोन आला. नणंद ह्यांची धाकटी बहीण, स्पष्ट बोलणारी. म्हणजे जे दुसरे मनात ठेवतात ते ही लाउडस्पीकरवर सांगते.

"वहिनी, दादा काल इकडे तेरवीत काहून आलता?"

"कोणाच्या तेरवीत?"

"आता मले काय माहीत कोणाच्या! आमच्या ह्यायच्या ओळखीतले होते. हे गेले तं दादा पहिल्या पंगतीत बसून. नमस्कार-चमत्कार झाला. घंट्याभरानं पाह्यलं तं दुसऱ्या पंगतीत बसून! बुंदी वाढणाऱ्याले म्हणे, टाक ना बाप्पा, हात आखडू नको. मले सांग, तुमच्या घरी पोळ्या नाही होत का?"

मी काहीतरी गुळमुळीत सांगून फोन ठेवला आणि ह्यांची ऑर्डरची वही काढली. ह्यांचं काम शिस्तीचं. भांडी किती, नाव काय, गाव कोणतं, तेरवी कधी, सगळं सुवाच्य अक्षरात. मी पानं उलटत गेले तसतसं माझ्या डोक्यात उजाडायला लागलं. आसपासच्या तालुक्यांत कोण कधी गेलं आणि त्याचं जेवण कुठे, कोणत्या दिवशी, याची इतकी पक्की यादी पोलीस पाटलाकडेही नसेल. पूर्वी भांडी दुकानातूनच जायची. गेल्या सहा महिन्यांत हे म्हणायला लागले होते, मीच पोचवून देतो, लोकायले तेवढाच आधार. मी त्यांचं कौतुक केलं होतं. शेजारणीला सांगितलं होतं की आजारपणाने माणूस किती हळवा होतो बघा.

पुढची तेरवी गुरुवारी होती, घाटंजीपासून जवळच्याच एका गावात. हे सकाळी पिशवीत तीस पेले भरून निघाले. मी मागच्या काळीपिवळीने गेले.

शाळेच्या पटांगणात मांडव टाकला होता. पंगत बसलेली, पोरं पत्रावळी वाटताहेत, कढईत भजे. हे मधल्या रांगेत मांडी घालून बसले होते. मी मांडवाच्या खांबाआड उभी राहिले. मास्तरीणबाई म्हणून तालुक्यात ओळख असलेल्या बाईने नवऱ्याला परक्याच्या तेरवीत खांबाआडून पाहावं, ही वेळ माझ्यावर आली होती. तेवढ्यात टक्कल केलेला एक माणूस, बहुतेक गेलेल्यांचा मोठा मुलगा, हात जोडून माझ्याजवळ आला. ओळख सांगावीच लागली.

"असं का! तुमचे साहेब व्हय ते?" त्याचे डोळे भरून आले. "लय जीव होता बाप्पा त्यायचा आमच्या बाबावर. पहिल्या पंगतीतई बसले, आता दुसऱ्याई. आम्ही म्हणलं भाऊ घरी न्या बांधून, तं म्हणे नाही, इथंच खातो. असे माणसं आता नाही राह्यले."

ह्यांनी त्याच्या बाबांना जन्मात पाहिलं नव्हतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्याला त्याच्या दुःखात एक खरा जिवलग मिळाला होता, तो मी कसा काढून घेऊ?

तो गेल्यावर मी ह्यांच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत मी ह्यांचं ताट बघत आले होते, किती संपलं, काय संपलं. त्या दिवशी चेहरा पाहिला. हात बिनचूक चालला होता, पुरी, भाजी, पुरी, बुंदी, एक थेंब सांडत नव्हता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ट्रकमधून विटा उतरवणाऱ्या माणसाचा असतो तसा तो दमलेला चेहरा होता. ह्यांना ते जेवण आवडत नव्हतं. पोट भरून किती वेळ झाला होता कुणास ठाऊक, आणि हात थांबत नव्हता. मग ह्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं. मला बघूनही हात एकदा तोंडाशी गेला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं संसार करून मी ह्यांच्या डोळ्यांत पाणी पहिल्यांदा पाहिलं, तेही तोंडात बुंदी असताना.

मला खूप भीती वाटली. राग नंतर आला, आधी भीती.

यवतमाळला रक्ताची तपासणी झाली. साखर इतकी वाढली होती, की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. वजन बारा किलो जास्त. मी सगळं सांगितलं. बेसन, स्क्रू, तेरव्या. हे खाली मान घालून बसले होते. डॉक्टर ह्यांना म्हणाले, "काका, ही तुमची हाव नाहीये. गोळीचं काम आहे." मग माझ्याकडे वळले आणि मागचा कागद उलटून त्यांनी 'भूक छान' बघितलं. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, शिक्षकी आवाजात विचारलं, की डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन ना? मोबाईलवर सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. मग ह्यांना आनंद होत असेल ना खाताना?

"बरेच लोक तसंच समजतात," डॉक्टर म्हणाले. "पण आवडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं, काकू. हे रसायन जास्त करून ओढीचं. हात हलवायलाही तेच लागतं आणि समोरच्या लाडूकडे हात न्यायलाही तेच. मेंदूचा जो भाग सुकलाय तिथं गोळी कमी पडते, आणि जो चांगला आहे तिथं जास्त होते. मग आता घे, अजून घे, असा हुकूम सुटत राहतो. पोट भरलंय हे कळतं, पण हुकूम थांबत नाही. चव लागलीच पाहिजे असंही नाही."

मला हे लगेच कळलं. विज्ञान मला नेहमीच लवकर कळतं. सोल्यांची भाजी, पाटोडी, गोळाभात, सगळ्यांवरचं ते 'मस्त' माझ्या हाताला मिळालेलं नव्हतं. ते गोळीचं होतं. मी ह्यांच्यापुढे भिजवलेली पेंड ठेवली असती तरी ह्यांनी ती मस्तच म्हणून खाल्ली असती.

पुढचा भाग कठीण होता. ही गोळी हळूहळू कमी करावी लागणार होती. एकदम बंद करायची नाही, मनानं तर मुळीच करायची नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं. दुसरं औषध वाढवणार होते. हात बराचसा सांभाळला जाईल, पण इतका स्थिर राहील याची खात्री देता येत नाही. "बारीक काम करता तुम्ही," ते ह्यांना म्हणाले. "तुम्ही विचार करून सांगा. पण फार दिवस नाही, साखर बघता."

म्हणजे एका बाजूला ह्यांचं अक्षर, ज्याच्यावर हे माणूस म्हणून उभे होते, आणि दुसऱ्या बाजूला ह्यांचा जीव. उत्तर सोपं वाटतं ना? लांबून वाटतं. मी त्या केबिनमध्ये बसून काय विचार करत होते, ते लिहायला हवं. मी विचार करत होते, थोडे दिवस थांबता येईल का? साखरेची औषधं आहेत. मी डबे लपवीन, वहीवर नजर ठेवीन. ह्यांचा हात राहील. आणि मला जेवताना कुणीतरी काहीतरी म्हणत राहील, गोळीचं असलं म्हणून काय झालं? हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ बसला. त्याची मला आजही लाज वाटते.

"कमी करा," हे म्हणाले. डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत. "मले असं नाही जगाचं. लोकायच्या तेरवीले जाऊन बुंदी खाणं." मग उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाले, "याचं जे होईन ते होईन."

दोन महिन्यांत भूक ओसरली. चार भाकरींच्या तीन झाल्या, मग दोन, मग एक दिवस ह्यांनी दुसरी भाकर मधोमध मोडून अर्धी टोपल्यात ठेवली. साखर उतरायला लागली. डॉक्टर खूश. भेटायला येणारे तेवढे नाराज झाले. "काहून, जेवत नाही का? वाळले बाप्पा!" औषध बदला, एक वैद्य आहे उमरखेडला, असे सल्ले आले. मी सगळ्यांना चहा दिला, आणि कुणालाही काहीही समजावून सांगितलं नाही.

अंगठा परत हलायला लागला. पहिल्याइतका नाही, पण पेल्याच्या कडेवर सुई धरायला ते पुरेसं होतं. हे एक दिवस जुना डबा घेऊन अंगणात बसले आणि त्यावर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढली. ती मला दाखवली नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीन एका कपड्यात गुंडाळून दुकानदाराला देऊन आले. आता त्या ओट्यावर एक मुलगी बसते, अक्षर बरं आहे तिचं.

आणि घरात पुन्हा पूर्वीसारखी शांतता झाली. दीड भाकर, वाटीभर भाजी, उठले. मी पाटोड्या बंद केल्या. रोज वरण आणि काहीतरी पाला. ह्यांच्या ते ध्यानातही येत नाही असं मला वाटे, आणि मग जास्तच राग येई. तो राग मी आत किती दिवस ठेवणार? एका दुपारी ह्यांच्या हातातून घास दोनदा निसटला आणि मी पुसायला फडकं आणलं, तेव्हा तो बाहेर पडला.

"बरं झालं गोळी सुटली," मी म्हणाले. "मीच मूर्ख. रोज भाजी मस्त, भाजी मस्त, मी आपली फुगून राह्यली. डॉक्टरले विचारायचं राह्यलं, एखांदी बारीक गोळी भेटते का, नुसत्या स्तुतीपुरती? हात हलला तं हलला."

  मी फडकं धुवायला वळले.

"मले वासच येत नाही," हे म्हणाले.

"कशाचा?"

"कशाचाच नाही. अंगठा हालाच्या बी अगोदरपासून. चव बी तशीच, नुसतं खारट-गोड कळते. डॉक्टरनं पहिल्या खेपेलेच विचारलं होतं, या बिमारीत होते म्हणे असं. तू बाहेर पाण्याची बाटली भराले गेलती."

मी फडकं खाली ठेवलं. "मंग भाजी मस्त झाली म्हणून काहून म्हणत होते? अजून भेटावी म्हणून?"

"भाकर तं तू तशीबी वाढलीच असती." हे ताटातली भाकर कुस्करत होते. "एक डाव म्हणलो, तं तू आत गेली अन् किती वेळ बाहेरच नाही आली. मी वाकून पाह्यलं. फ्रिजले टेकून हासत होती एकटीच. म्हणून मंग रोज म्हणत गेलो."

"गोळीच्यानं."

"गोळीच्यानं भूक लागे. बोलत तं मीच होतो."

"अन् मंग आता काहून नाही म्हणत?"

"डॉक्टरनं सांगतल्यावर म्हणलं असतं, तं तुले वाटलं असतं गोळी अजून उतरली नाही."

"अन् पहिले? तीस-तेहतीस वर्षं चव येत होती तवा काय झालतं?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात फारच सोपा प्रश्न विचारलाय. "तवा काय सांगाचं? दिसतच होतं ना तुले, की खाऊन राह्यलो."

मला इतका राग आला, इतका राग आला, की मला दुसरं काही सुचेना. मी टोपलं ओढलं, ह्यांनी परत ठेवलेली अर्धी भाकर उचलली आणि ह्यांच्या ताटात वाढली. वर दोन चमचे भाजी. हे भाकरीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. पोट भरलेलं होतं, भूक नव्हती, चव येणार नव्हती. हात कापत होता, अर्धी भाजी मांडीवर सांडत होती. हे ती अर्धी भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत खात बसले.